ईराचे दोन्ही हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सांगलीला आईला नाही. तुम्हाला का सांगतेय — कोण जाणे. तुम्ही केतकीला ओळखत नाही म्हणून असेल. आणि आधीच सांगून ठेवते, केतकीबद्दल मला आजही काडीचं वाईट वाटत नाही. तिची जिरली ते बरंच झालं.

आम्ही बहारीनमध्ये राहतो, रिफाला, एका कंपाउंडमध्ये. गेटच्या आत सगळ्या देशांची माणसं, पण मराठी घरं दोनच — आमचं आणि समोर केतकीचं. त्यामुळे डब्यांची ये-जा ठरलेली. तिची मुलगी ईरा एकदा आमचा चिवड्याचा डबा परत द्यायला आली, धुऊन पुसून, रिकामा. मी म्हटलं, ‘‘अगं राणी, रिकामा डबा परत द्यायचा नसतो. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालायची.’’ ‘‘व्हाय, मावशी?’’ म्हणाली. मी म्हटलं, कुणाचं भांडं आपल्या हातून रिकामं राहू नये म्हणून. तेव्हापासून ती डब्यात काहीतरी घालूनच आणायची. बिस्किटं, खजूर — एकदा तर स्वतःचं नवंकोरं खोडरबर!

त्या वर्षी हॅलोविन नेमकं दिवाळीत आलं. आमच्याकडे पणत्या, समोर प्लॅस्टिकचे सांगाडे. माझा शौर्य तेव्हा सात वर्षांचा. भुताचा मुखवटा घालून पोरांबरोबर घरोघर फिरला. केतकीनं दारात चॉकलेटांचा वाडगा ठेवला होता, प्रत्येकानं एकच घ्या अशी पाटी लावून. आणि ह्या दिवट्यानं काय करावं? मुखवटा कपाळावर सरकवला आणि अख्खा वाडगा पिशवीत पालथा केला.

चूक होती ना? होतीच. मला फोन करायचास की गं बाई, समोर तर राहतेस! मी कान धरून आणला असता त्याला. पण नाही. बाईंच्या बेलला कॅमेरा. तिनं तो व्हिडिओ कंपाउंडच्या ग्रुपवर टाकला — ‘किड्स विल बी किड्स’ आणि पुढे हसून हसून रडणारं तोंड. मग काय, सगळेच हसले. कुणी आईबापांच्या संस्कारांवर इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. मी शौर्यला मारलं, दारोदार नेऊन सॉरी म्हणायला लावलं. दिवाळीच्या दिवशी, नव्या कुडत्यात. गेटवरचा वॉचमनसुद्धा त्याच्याकडे बघून हसला. स्कूल बसमध्ये पोरं त्याला ‘चोर भूत’ म्हणायला लागली, आणि माझं पोर संध्याकाळी सायकल बाहेर काढेनासं झालं.

‘‘जाऊ दे ना, खलास,’’ नवरा म्हणाला. खलास? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण मी केतकीशी गोड बोलत राहिले. फराळ पाठवला, तिच्या हळदीकुंकवाला गेले, तिच्या साडीचं कौतुक केलं. आणि वर्षभर मनात डूख धरून बसले. आपल्याही दाराला कॅमेरा बसवून घेतला — सुरक्षेसाठी, असं नवऱ्याला सांगितलं.

पुढच्या वर्षी दिवाळी आधी आली, हॅलोविन नंतर. फराळाचा डबा केतकीकडे गेलेला होता. हॅलोविनला मी दारात वाडगा ठेवला. मुद्दामच थोडी चॉकलेटं घातली आणि आत फोन घेऊन बसले. कशाची वाट बघत होते मी? एका लहान मुलीनं चूक करावी म्हणून देवाला हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले होते.

ईरा आली. वाडग्यात शेवटचं एकच चॉकलेट उरलं होतं, ते घेऊन निघाली. पायरीवर थांबली. मागून लहान पोरं येत होती. तिनं रिकाम्या वाडग्याकडे पाहिलं — आणि परत फिरली. चॉकलेटं गोळा करायची आपली बादली उघडली आणि दोन्ही हातांनी चॉकलेटं काढून माझ्या वाडग्यात घातली.

कळतंय ना तुम्हाला? मलाही कळलं. त्याच क्षणी कळलं.

आणि तरीही मी तो व्हिडिओ कापला. पुढचं काढलं, मागचं काढलं. उरलं एवढंच — वाकलेली ईरा, वाडग्यात खोल गेलेले दोन्ही हात, शेजारी भरलेली बादली. ग्रुपवर टाकला. ‘किड्स विल बी किड्स.’ तेच हसून रडणारं तोंड. अक्षर न् अक्षर तिचंच तिला परत केलं. खोटं कशाला बोलू, इतकी मजा मला त्या वर्षात कशातच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी केतकी ईराचा दंड धरून दारोदार फिरली. आमच्याकडे आली तेव्हा केतकीचं तोंड उतरलं होतं. ते मी डोळे भरून पाहिलं. ईरा सॉरी म्हणाली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘मावशी, प्लीज कॅमेरा चेक कर ना. आय वॉज पुटिंग. तूच सांगितलेलंस ना — रिकामं नाही ठेवायचं.’’

तिची आई माझ्या तोंडाकडे बघत होती. एक शब्द पुरला असता. मी खाली वाकले, ईराच्या गालावरून हात फिरवला आणि म्हटलं, ‘‘कॅमेऱ्यात एवढंच आलंय, बाळा.’’

केतकीनं तिथेच तिला थोबाडीत मारली. ईरा रडली नाही, माझ्याकडे बघत राहिली. त्या रात्री मी सगळा व्हिडिओ एकदा पाहिला आणि पुसून टाकला.

आठवड्याभरानं बेल वाजली. ईरा एकटीच, हातात आमचा फराळाचा डबा. मी उघडून पाहिला. धुऊन पुसून, रिकामा. आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, ‘‘अगं, रिकामाच?’’

ती इंग्रजीत नाही बोलली. एकेक शब्द जुळवत मराठीत म्हणाली, ‘‘मम्मा म्हणाली, कुणाच्याच भांड्यात हात नाही घालायचा.’’

मी डबा घेतला आणि दार लावलं. ती अजून समोरच राहते. डबे अजून येतात-जातात. ती आणते ते सगळे रिकामे असतात.