हनियावहिनीचं दोन ठिकाणचं दुखणं

मोरोक्कोतल्या आमच्या मेकनेस शहरात गेल्या तीस वर्षांत जी लग्नं लागली, त्यातल्या निम्म्यांत तरी माझ्या वहिनीने वरमाईची थट्टा केलेली आहे. हनिया तिचं नाव. लग्नात गाणाऱ्या चार बायकांचा ताफा, हातात डफ आणि जिभेला हाड नाही. माझ्याच लग्नात तिने माझ्या सासूला गाण्यातून विचारलं होतं, "सून न्यायला आलात, की मटण खायला?" सासू वर्षभर धुमसत होती. पुढे नातवाचं नाव ठेवायचं ठरलं, तेव्हा मात्र तिनेच हनियाला बोलावणं धाडलं.

अशी ही बाई तीन वर्षांपूर्वी हळूहळू गप्प होत गेली. लेक लग्न होऊन दूर अगादीरला गेली होती, पण सुखात होती. रोज फोन यायचा. दुसरं काही कारण सापडेना. हनिया दुपारपर्यंत अंथरुणात पडून राही, ताटातलं चिवडत बसे, रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायचीच नाही. लग्नाचं आमंत्रण आलं की म्हणायची, "दुसरी कुणी बघा."

माझा भाऊ मिलूद शिलाई मशिनी दुरुस्त करतो. बिघाड कुठलाही असो, आधी तेल घालून बघायचं, एवढं त्याला ठाऊक. त्याने बायकोला रोज सकाळी ऑलिव्हच्या तेलात बुडवलेली भाकरी भरवायला सुरुवात केली. ती मुकाट खायची. पूर्वीची हनिया असती तर ती भाकरी त्याच्या डोक्यावर असती.

मग तिचा जबडा दुखायला लागला. गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना अर्ध्या जिन्यात थांबायची. मी म्हटलं, "दाढ किडली असेल." मिलूद म्हणाला, "मनाला लावून घेते गं, दुसरं काय." शेवटी मीच तिला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. वर पोचलो तेव्हा हनिया घामाने निथळत होती.

डॉक्टरांनी दात ठोकून पाहिले. "दात माझ्यापेक्षा मजबूत आहेत. दुखतं कधी?"

"जिना चढताना."

त्यांनी हातातलं अवजार खाली ठेवलं आणि मला म्हणाले, "तामोबाई, यांना आत्ताच हॉस्पिटलात न्या. हे दाताचं दुखणं नाही."

हृदयाची एक नळी जवळजवळ बंद झालेली निघाली. दुसऱ्या दिवशी तिथे बारीक जाळी बसवली. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, पण तिथल्या डॉक्टरीणबाई हनियाच्या खाटेजवळून उठायला तयार नाहीत.

"या शेवटचं मनापासून कधी हसल्या?"

मिलूदने आढ्याकडे पाहिलं. मी महिने मोजायला लागले आणि मलाच लाज वाटली.

"नळी मोकळी केली, पण अर्धंच काम झालं," त्या म्हणाल्या. "मन असं महिनोन्‌महिने खचलेलं राहिलं की झोप जाते, चालणं थांबतं, गोळ्या राहतात. शरीर आतून सारखं ताणलेलं असतं. ते हृदयाला बाधतं, बायकांना जास्तच. आणि दुखणं छातीत नसेल तर कुणी हृदयाकडे बघतही नाही. मनाच्या डॉक्टरांकडेही जायचं."

हनिया माझ्या कानाशी पुटपुटली, "लोक म्हणतील, हनियाला वेड लागलं."

"ते माझ्या लग्नापासूनच म्हणतायत," मी म्हटलं.

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. तेवढाच, पण मिलूदने तो पाहिला आणि बाहेर जाऊन डोळे पुसले.

गोळ्या चालू झाल्या, दर आठवड्याला मनाच्या डॉक्टरांशी बोलणं चालू झालं. चार महिने फारसा फरक दिसला नाही. पाचव्या महिन्यात तिने तेलातली भाकरी मिलूदकडे ढकलली. "तूच खा. गंजलायस तू." त्या दिवशी भावाने गल्लीभर मिठाई वाटली.

वर्षाने ती पुन्हा लग्नांत जाऊ लागली. दोन गाणी झाली की बसायची. बसल्या बसल्या तिला एक नवा उद्योग सापडला. मेंदीच्या दुपारी बायकांचे हात ओले असतात, कुणाला उठून पळता येत नाही. हनिया नेमकी तेव्हा विचारायची, "झोप लागते का? जिना चढताना दम लागतो? नवऱ्याला शिव्या द्यायचाही कंटाळा येतो? मग तर नक्की तपासून घे."

खद्दूज नावाची नवरीची एक आत्या भडकली. "मेंदीला आलेय की दवाखान्यात?" पण पुढच्याच आठवड्यात ती हनियाच्या दारात उभी. "तुझ्यामुळे तपासायला गेले. आता डॉक्टर म्हणतात, रोज चाला. एकटीने चालायचं कसं?"

तेव्हापासून दोघी सकाळी ऑलिव्हच्या बागांपर्यंत जातात आणि वाटभर भांडतात. कुणाच्या भाकरीला जास्त चांगला पापुद्रा येतो, यावर सहा महिने झाले, निकाल नाही.

अधूनमधून हनियाला सकाळी उठवत नाही. त्या दिवशी खद्दूज वर येते, पलंगाच्या कडेला बसते आणि मटार सोलते. टोपली भरत आली की हनिया हळूच हात बाहेर काढते आणि दाणे खायला लागते.