सारांची घरातली भाषा

पोंगलनंतरच्या मंगळवारी सार अंगणात पडले. इस्पितळातून घरी आले तेव्हा ते बोलत नव्हते.

तंजावरात शिक्षकाला सार म्हणतात, आणि आमच्या गल्लीत सार म्हणजे ते एकच. मी समोरच्या घरात राहते. त्यांचं घराणं आमच्यासारखंच मराठी, कित्येक पिढ्या इथलंच. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते घराच्या पुढच्या ओट्यावर, म्हणजे तिण्णैवर, इंग्रजीची शिकवणी घेत. त्यातही त्यांचा जीव एकाच गोष्टीत: सारखे दिसणारे किंवा सारखे ऐकू येणारे शब्द.

"व्याकरण पुस्तकात मिळतं. माणूस फसतो तो जुळ्यांपाशी," असं ते मला सांगत. सांगत मात्र इंग्रजीत. मी मराठी शेजारीण असूनही.

त्यांची पद्धत त्यांचीच होती. एक जोडी दोन मुलांना वाटून द्यायची आणि आठवडाभर त्यांना त्याच नावानं हाक मारायची. 'ई'वाल्या, म्हणजे कागद-पेन्सिलींच्या, स्टेशनरीनं सगळ्यांच्या पेन्सिली सांभाळायच्या; 'ए'वाल्यानं, म्हणजे 'स्थिर'नं, तास संपेपर्यंत जागचं हलायचं नाही.

"अॅक्सेप्ट, तुझा भाऊ एक्सेप्ट कुठं आहे?"

"त्याला ताप आलाय, सार."

"म्हणजे एक्सेप्ट सोडून सगळे आले. बघा, आज तो स्वतःच अर्थ सांगून गेला."

ही नावं पोरांना अशी चिकटत की पुढं लग्नाच्या मांडवातही कुणीतरी विचारी, "तुम्ही अॅडव्हाइसचे थोरले भाऊ ना?"

बसस्टँडजवळच्या एका हॉटेलाच्या पाटीवर 'डिझर्ट' या गोड पदार्थांच्या इंग्रजी शब्दातला एक 'एस' गळला होता. सारांनी आत बसून ऑर्डर दिली, "एक वाळवंट आण. वरून थोडं तूप."

"सार, गोडात रव्याची केसरी आहे."

"तेच म्हणतो. अजून एक एस लावा, म्हणजे केसरी होईल."

दुसऱ्या दिवशी पाटीवर खडूनं एस आला. असे मास्तर तुम्हीही पाहिले असतील. त्यांचा राग येतो, आणि पाटी लिहिताना आठवणही त्यांचीच येते.

आता त्यांच्या मराठीबद्दल. तरुणपणी ते एका लग्नाला पुण्याला गेले होते. पंगतीत त्यांनी आपल्या घरच्या बोलीत भात मागितला. वाढणारा थबकला. "अहो, बखरीतून उठून आलात काय?" मग पाहुणे एकेक करून जवळ आले. "आणखी काहीतरी बोला ना! हे बोला, ते बोला." त्यांनी बोलून दाखवलं. सगळे हसले, प्रेमानंच हसले. सार अर्धपोटी उठले.

ही हकीकत मला त्यांच्या बायकोनं सांगितली. लग्नाहून परतल्यावर त्यांनी घरात नियम केला: मुलाशी बोलायचं ते इंग्रजीत, बाहेर तमिळ. मराठी उरली ती स्वयंपाकघरात, बायकोपुरती. महाराष्ट्रातून कुणी राजवाडा पाहायला आलं आणि आमची चौकशी करत गल्लीत शिरलं, की सार इंग्रजीत स्वागत करत. मला हसण्याचा हक्क नव्हता. मी पुस्तकं वाचून ही लिहायची मराठी शिकले, पण त्या पाहुण्यांपुढं माझ्याही तोंडून 'थँक यू'च निघायचं.

बायको आधीच गेली होती. मुलगा चेन्नईला, त्याची बायको तमिळ. आजारपणात जेवणाचा डबा मी नेत असे. डॉक्टर म्हणाले होते की मेंदूच्या झटक्यानं वाचा गेली, पण ऐकलेलं बरंचसं समजतं.

एका दुपारी मी रसम घेऊन मागच्या दारानं गेले. जेवणाआधी कावळ्याला भात ठेवायची इथली रीत आहे. सार कट्ट्यावर बसून कावळ्याला बोलावत होते.

"ये रे, ये. भात निवला. उगा कां बसलास?"

शब्द अडखळत होते, पण स्पष्ट होते. इंग्रजी गेली होती, तमिळ गेली होती. राहिली होती ती स्वयंपाकघरातली.

मला पाहताच त्यांनी खांद्यावरचा पंचा तोंडावर ओढला. मी बादलीजवळ उभी राहिले. पंच्याआडून आवाज आला, "कोणास सांगूं नको."

"सांगितलं तर काय होईल, सार?"

"हांसतील."

"कोण?"

त्यांनी तिण्णैकडे बोट दाखवलं. "मुलें."

मी कबूल केलं. ती लाज माझ्याही ओळखीची होती.

मार्चमध्ये मुलगा आला. तमिळमध्ये म्हणाला, "आंटी, अप्पांना चेन्नईला नेतो. बोलता येत नाही, एकटे कसे राहतील? काही झालं तर हाक कशी मारणार?" घर भाड्यानं द्यायचं ठरलं होतं. सामान बांधायला दोन जुने विद्यार्थी आले होते. त्यातला एक अॅक्सेप्ट, आता कुंभकोणमला वकील.

सार खुर्चीत बसून सगळं पाहत होते. एक वाक्य बोलले असते तरी घर राहिलं असतं, आणि ते त्यांना कळत होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान फिरवली. भांडी बांधून झाली, गादी गुंडाळली गेली. मग अॅक्सेप्टनं भिंतीवरचा फळा उतरवायला हात घातला.

"तो फळा ठेव," सार म्हणाले. "मी कोठें येत नाहीं. मज बोलतां येतें."

कुणी हसलं नाही. अॅक्सेप्टनं तमिळमध्ये मला विचारलं, "सार काय म्हणाले?" त्याला हसण्यापुरतंही समजलं नव्हतं.

मुलाला समजलं होतं. ती त्याच्या आईची भाषा होती. तो वडिलांच्या पायाशी बसला. इंग्रजीत सुरुवात केली, थांबला. तमिळमध्ये केली, थांबला. मग म्हणाला, "अप्पा, मी... मला..." आणि पुढं शब्दच नव्हते. एवढा मोठा माणूस, ओठ हलवत नुसता बसून राहिला.

सारांची मान खाली गेली. पुण्याच्या पंगतीत ते कसे दिसले असतील मला ठाऊक नाही, पण त्या दिवशीचा चेहरा मी पाहिला.

"तुज मींच दिली नाहीं," ते म्हणाले.

सामान पुन्हा सोडलं. सार घरीच राहिले. संध्याकाळी मुलं तिण्णैवर येऊन अभ्यास करत, सार खुर्चीत बसत आणि त्यांच्या बोलीत काहीबाही विचारत. मुलं मोठ्यानं "यस सार" म्हणत. बहुतेक वेळा प्रश्न जेवलात का, एवढाच असे.

आडी महिन्यात, तमिळ आषाढात, ते गेले.

घर बंद आहे. किल्ली माझ्याकडे असते. मुलगा रविवारी फोन करतो आणि माझ्याशी मराठीत बोलतो. अडतो, तमिळ शब्द घालतो, पुढं बोलत राहतो.