डावीकडचे चेंडू

आमच्या चिकलठाण्यातल्या कंपनीच्या टेनिस कोर्टावर ती सरावाला यायची. परदेशातल्या लहानसहान स्पर्धांत ती फक्त दुहेरी खेळायची आणि बहुधा पहिल्याच फेरीत हरून परतायची. कसं झालं विचारलं, की उत्तर ‘आम्ही’नंच सुरू व्हायचं.

विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चात तिच्या जोडीदारणीला अटक झाली. आमचे साहेब तिला म्हणाले, “दुसरी बघा की आता. असल्या पोरीच्या नादी कशाला लागता?”

ती नेहमीसारखी कोर्टाच्या उजव्या अर्ध्यात उभी राहिली. मी समोरून चेंडू मारत होतो. डावीकडं गेलेला एकही तिनं घेतला नाही.

“ताई, दोन पावलांवर तर होता,” मी म्हणालो.

“तो तिचाय,” ती म्हणाली. “मारा पुढचा.”