पद्माकर उकिडव्यांचा अंधार

नाटकाला प्रकाशयोजना करणारी माणसं मी बरीच पाहिली. कुणाला नायिकेच्या गालावर पहाट उतरवायची असते, कुणाला खिडकीतून चांदणं सांडायचं असतं. पद्माकर उकिडव्यांना फक्त अंधार हवा असे. प्रवेश संपला की डोळ्यांत बोट घातलं तरी कळू नये असा काळाकुट्ट अंधार, आणि त्या अंधारात गप्प बसलेली माणसं. एवढंच मागणं. "उजेड काय हो, ट्यूबलाइटसुद्धा पाडते," ते म्हणत. "अंधार पाडायला माणूस लागतो."

दिवसा ते दिल्लीत, जहाजांशी संबंधित एका सरकारी कचेरीत नोकरी करत. दिल्लीहून समुद्र कुठल्याच बाजूनं जवळ नसल्यामुळे जहाजं अचानक येऊन कामात व्यत्यय आणतील अशी भीती नव्हती. उरलेला सगळा वेळ नाटकाचा. तुपाचे रिकामे डबे कापून, आतून चुना लावून त्यांनी स्पॉटलाइट बनवले होते. छताच्या पंख्यांचे काळे, लठ्ठ, जुने रेग्युलेटर एका फळीवर ओळीनं ठोकले होते. सूर्यास्त म्हणजे पाचावरून एकावर. प्रेमप्रसंग तीनवर. सासू आली की परत पाच.

लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये होते तोवर त्यांच्या अंधाराला मान होता. मंत्र्यासंत्र्यांच्या त्या दिल्लीत लाइट फारशी जात नसे, त्यामुळे अंधार झाला की लोक त्याला कला समजत. शिवाय प्रेक्षकांत निम्मे सरकारी अधिकारी. वरून काही सूचना येईपर्यंत गप्प बसण्याची त्यांना सवयच होती.

मग देशाची अर्थव्यवस्था खुली झाली आणि उकिडव्यांनी जमनापार, नोएडात फ्लॅट घेतला. नव्या कंपन्यांच्या नोकऱ्यांसाठी पुण्या-मुंबईची बरीच मंडळी त्या सेक्टरांतून येऊन पडली होती, आणि जिथं दहा मराठी घरं तिथं नाट्यमंडळ असायलाच हवं म्हणून आमचंही होतं. अध्यक्ष भाऊसाहेब. हे टूथपेस्टच्या ट्यूब बनवणाऱ्या कारखान्याचे मॅनेजर. मंडळाचे लेखक, दिग्दर्शक आणि मुख्य नटही तेच. दर जानेवारीत सेक्टरच्या बारातघरात, म्हणजे वराती उतरवायला बांधलेल्या हॉलमध्ये, ते आमच्याकडून एक नाटक करवून घेत.

पहिल्या वर्षीच्या नाटकात पहिल्या अंकाच्या शेवटी वडील मरत. वडील अर्थातच भाऊसाहेब. पहिल्याच अंकात मरायचं त्यांनी एवढ्यासाठी पत्करलं होतं, की पुढचे दोन अंक विंगेत उभं राहून सगळ्यांना सूचना देता याव्यात. ठरल्याप्रमाणे त्यांनी मान टाकली. चंद्रप्रभाताईंनी, म्हणजे नाटकातल्या त्यांच्या लेकीनं, एरवी वयानं त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठ्या, "बाबाऽऽ" अशी किंकाळी फोडली. उकिडव्यांनी सगळे रेग्युलेटर एकदम बंद केले. गडद, गच्च, अप्रतिम अंधार!

आणि अख्ख्या बारातघरातून एकच सूर निघाला, "गेऽऽली!"

"काल आमच्याकडे दुपारपासून नव्हती."

"तुमच्या सेक्टरला येते तरी हो!"

"मम्मी, कँडल कहाँ है?"

"अगं, घरी फ्रिज उघडू नका म्हणून सांगून आलीस ना?"

कुणी लायटर पेटवला, कुणी खिडकी उघडली, दोन कुटुंबांनी तेवढ्यात एकमेकांना जेवायला बोलावून घेतलं. गलका वाढला तशी मृत भाऊसाहेबांमधल्या अध्यक्षाला पडून राहवेना. ते अंधारात उठून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मंडळी, कृपया जागेवरच बसा! जनरेटर लावायला सांगतोय!"

सांगायची गरजच नव्हती. बारातघराचा जनरेटरवाला ओमबीर कर्तव्यदक्ष माणूस. खिडकीतून काळोख दिसताच त्यानं हँडल मारलं होतं. धडधड करत हॉलच्या सगळ्या ट्यूबा लागल्या, आदल्या दिवशीच्या लग्नाच्या रंगीत माळांसकट. त्या झगमगाटात प्रेक्षकांना दिसलं ते असं: चंद्रप्रभाताई रिकाम्या खाटेवर पडून टाहो फोडताहेत आणि कैलासवासी वडील शेजारी हात वर करून उभे आहेत.

"आऽऽली!" सगळे ओरडले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या संध्याकाळची ती सगळ्यांत मोठी टाळी.

त्यानंतर आठवडाभर उकिडवे संध्याकाळी कचेरीतून आले की गॅलरीत डब्यांच्या मधोमध स्टूल टाकून बसत. आणि नेमकं त्याच सुमाराला सुरेखावहिनींनी वॉशिंग मशीन घ्यायचं ठरवलं. त्या वर्षी सगळेच काही ना काही घेत होते. मशीनला नळ हवा, आणि जादा नळ होता फक्त गॅलरीत.

"अहो, शनिवारी मशीन येतंय. डबे काढा."

"काढून ठेवू कुठे?"

"कबाडीवाल्याला विचारा."

"सुरेखा, ही प्रकाशयोजना आहे."

"मग माझीही धुण्याची योजनाच आहे. दोन योजना एका गॅलरीत मावत नाहीत."

उकिडव्यांनी मुदत मागितली. पुढच्या जानेवारीपर्यंत. "एक नाटक. एक अंधार. एकदा जरी ही नोएडातली माणसं माझ्या अंधारात गप्प बसली, तर डबे राहतील. नाही बसली, तर मी स्वतः खाली जाऊन कबाडीवाल्याला हाक मारतो."

"चालेल," वहिनी म्हणाल्या. "पण निकाल माझा. पहिल्या रांगेत बसून देणार."

मशीन आलं ते खोक्यासकट बाहेरच्या खोलीत उभं राहिलं. आलेगेले त्याच्यावर पेपर ठेवत, पाहुणे चहाचे कप ठेवत, आणि वहिनी रोज त्याच्या शेजारून धुण्याची बादली खडखड वाजवत नेत. ही पैज ऑफिसच्या चार्टर्ड बसमधून दोन दिवसांत सगळ्या सेक्टरांत पोचली.

डिसेंबरात तालमी सुरू झाल्या. नाटक नवं होतं, पण भाऊसाहेब त्यातही पहिल्या अंकाच्या शेवटी मरतच होते. उकिडव्यांच्या मदतीसाठी त्यांनी स्वतःच एक घोषणा लिहून आणली: "आजच्या प्रयोगात जो अंधार होईल तो नैसर्गिक नसून कलात्मक आहे."

"आणि खरंच गेली तर?" चंद्रप्रभाताईंनी विचारलं.

"तर तो नैसर्गिक."

"मग लोकांनी ओळखायचा कसा, कुठला कुठला ते?"

यावर भाऊसाहेबांनी तालीम पुढे चालू करा म्हणून सांगितलं. पण उकिडव्यांच्या डोक्यात तो प्रश्न रुतून बसला. एका रविवारी दुपारी ते जेवून आडवे झाले होते. डोळे मिटलेले. तसेच पडल्या पडल्या ते म्हणाले, "गेली." आणि ताडकन उठून बसले. डोळे तर मिटलेले होते, मग कळलं कसं? तर फ्रिजची घरघर थांबली म्हणून! नोएडातला माणूस लाइट गेल्याचं डोळ्यांनी ओळखतच नाही, कानांनी ओळखतो. मग अंधारात काहीतरी घरघरत ठेवलं, की त्याला आपोआप कळेल, लाइट आहे, हे नाटकच आहे!

ते बनियनवरच भाऊसाहेबांच्या घरी धावले. "भाऊसाहेब, कूलर!"

"उकिडवे, जानेवारीत प्रयोग आहे. पब्लिक कुडकुडेल."

"हवा नकोय हो मला. आवाज हवाय."

भाऊसाहेबांचा एक आणि चंद्रप्रभाताईंचा एक, असे दोन लोखंडी कूलर हिवाळ्याच्या प्लास्टिकमधून सोडवून बारातघरात आणले. चालू केल्यावर दोन्ही मिळून एखादं लहान विमान उडेना म्हणून चिडल्यासारखा आवाज करत. उकिडव्यांनी त्यांची तोंडं भिंतीकडे केली. ओमबीरनं जनरेटरकडे धावू नये म्हणून त्याला सन्मानानं प्रेक्षकांत खुर्ची दिली, हातात समोशाची प्लेट दिली. यंदा काही करायचं राहिलं नव्हतं.

प्रयोगाच्या संध्याकाळी पडदा वर गेला आणि हॉलमध्ये बर्फासारखा वारा सुटला. उकिडवे विंगेत रेग्युलेटरांच्या फळीशी, मी शेजारी प्रॉम्प्टर. मी बाजूच्या दारातून जाऊन ओमबीरला गाठलं.

"ओमबीर, कूलर किसने घुमाया?"

"मैंने जी. उलटे रक्खे थे, दीवार हवा खा रही थी. पब्लिक तो इधर बैठी है."

"और पानी?"

"टंकी फुल है साब, बेफिकर रहो!"

आता बंद करावेत तर अंधार जातो, आणि चालू ठेवावेत तर प्रेक्षक. उकिडव्यांनी प्रेक्षकांवर पाणी सोडलं. पहिला अंक वाळ्याच्या गार सुगंधात सुरू झाला. समोर नुसत्या माकडटोप्या, शाली आणि मफलर. त्यांच्या मधोमध वाफा सोडणारी नाकं. चंद्रप्रभाताईंचा पदर आडवा उडत होता, त्याला धरून ठेवण्यात त्यांचा निम्मा अभिनय खर्च झाला. "मी... आता... थकलोय..." हे वाक्य भाऊसाहेबांना कूलरच्या वरताण, गड चढून आल्यासारखं ओरडून म्हणावं लागलं. मग त्यांनी मान टाकली आणि मेल्यावर हळूच रजई कानांपर्यंत ओढून घेतली.

"बाबाऽऽ!"

उकिडव्यांनी अंधार केला.

"गेऽऽ—" मागून कुणीतरी सुरुवात केली.

"नाही हो. कूलर चाललाय."

"अरे हो. मग?"

"मग नाटकच असेल."

"नाटक आहे... नाटक आहे..." रांगेरांगेतून कुजबूज पुढे सरकत गेली आणि पहिल्या रांगेशी येऊन विझली. त्यानंतर कूलरची घरघर सोडली तर कुणी हूं का चूं केलं नाही. लायटर नाही, लेकरू नाही, खोकला नाही. नोएडातली दोन-अडीचशे माणसं काळोखात बसून आपलं आपण वाट बघत होती.

ठरल्याप्रमाणे भाऊसाहेब अंधारात चाचपडत विंगेत आले. चंद्रप्रभाताई हार घातलेल्या फोटोपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आता त्यांच्यावर उजेड यायचा होता.

"उकिडवे, द्या," मी म्हटलं.

"थांबा."

मी थांबलो. मग पुन्हा म्हटलं, "द्या आता."

"अहो, बघा तरी," ते हळूच म्हणाले. "किती छान बसलीयेत."

"पद्माकरराव, लाइट!" स्टेजवरून ताईंची कुजबूज आली. थोड्या वेळानं तीच कुजबूज दातांवर दात आपटत आली, "पद्माकरराव, मी ग-गारठले!"

"उकिडवे," भाऊसाहेब माझ्या कानाशी फुसफुसले, "अहो, दोन अंक आहेत अजून!"

"असू द्यात की."

आमच्या मंडळात उजेडासाठी कोण काय करत नसे? ताई प्रत्येक वाक्याला एक पाऊल पुढे सरकत सरकत प्रेक्षकांत उतरायच्या बेतात येत. भाऊसाहेबांचं मरण तर तालमीगणिक लांबत होतं. उकिडव्यांनी आजवर कुणाचं काही अडवलं नव्हतं. पण हा अंधार त्यांचा होता आणि तो ते सोडेनात. भाऊसाहेबांनी फळी हिसकावायला झडप घातली, तर त्यांच्या हाती माझा मफलर आला. तोच ते जिवाच्या आकांतानं पिळू लागले, पाचावर नेऊ लागले. मला ओरडताही येईना, कारण एक तर शांतता इतकी सुंदर होती, आणि दुसरं म्हणजे गळा मोकळा नव्हता.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून, कूलरच्याही वरताण, एक ठसठशीत आवाज आला.

"अहो, पुरे! राहू देत डबे!"



"गॅलरीतच?" विंगेतून उकिडव्यांनी विचारलं.

"गॅलरीतच! लावा आता, माणसं काकडली!"

आणि उजेड आला. एकदम नाही. एक, दोन, तीन, असा पायरी पायरीनं, फोटोपाशी उभ्या असलेल्या त्या थरथरणाऱ्या लेकीच्या चेहऱ्यावर. थंडीनं ताईंच्या डोळ्यांतून खरंच पाणी वाहत होतं. लोकांनी टाळ्यांनी बारातघर डोक्यावर घेतलं.

मध्यंतरात चहाच्या टेबलाशी भाऊसाहेबांना पैज ठाऊक नसलेल्या नवख्यांचा गराडा पडला. "ती खालून ओरडणारी बाई म्हणजे त्या मेलेल्या वडिलांची बायको ना? काय आयडिया आहे यार!" आणि एकानं, नुकताच पुण्याहून आलेला असावा, गंभीरपणे विचारलं, "पण ते डबे म्हणजे नक्की काय?"

नाटकात डबा हा शब्दसुद्धा न लिहिलेल्या भाऊसाहेबांनी समोसा खाली ठेवला. "डबे म्हणजे," ते म्हणाले, "आपल्या आठवणी." आणि मग बरंच बोलले. मी मान हलवत होतो, कारण मान अजून हलते का ते मला बघायचं होतं.

मशीन अखेर न्हाणीघरात गेलं. आता उकिडव्यांकडे आंघोळ करायची ती भिंतीला पाठ लावून, उभ्यानं. उकिडव्यांची तक्रार नाही.

त्या रात्री प्रयोग संपल्यावर उकिडवे आणि वहिनी सायकलरिक्षानं घरी निघाले होते. डबे पायांशी, आणि रेग्युलेटरांची फळी वहिनींच्या मांडीवर. वाटेतलं बोलणं वहिनींनीच मला नंतर सांगितलं.

"अहो, मी ओरडले नसते तर केव्हा लावणार होतात लाइट?"

उकिडव्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. रिक्षानं अख्खा सेक्टर पार केला तरी करत राहिले.

"काय सांगू," ते म्हणाले. "मीपण बघतच बसलो होतो."

"अंधारात?"

"हो ना."

वहिनींनी अंगावरची शाल काढून फळीवर घातली आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "भैया, गड्ढे से बचा के."