परीक्षेसाठी राखलेली दाढ

दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला प्रात्यक्षिक परीक्षेचा पेशंट विद्यार्थ्यानेच शोधून आणायचा असतो. दाढ अशी हवी की परीक्षकासमोर विनातक्रार निघाली पाहिजे. मुळं सरळ, वरचा भाग चिमट्यात धरण्याइतका शाबूत, शुगर नाही, बीपी नाही, सूज तर अजिबात नाही. असा पेशंट आधीच सापडला तर त्याची दाढ काढत नाहीत, परीक्षेपर्यंत राखून ठेवतात. मी शिकताना ठेवली होती. माझ्या वर्गातल्या सगळ्यांनी ठेवली होती.

आता माझा दवाखाना गंगाखेडला आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास भाचीचा फोन आला. ती दुसऱ्या जिल्ह्यात शेवटच्या वर्षाला होती.

"आत्या, खालची एखादी दाढ बघ ना. इथं पोरी एकमेकींचे पेशंट पळवायल्यात."

त्याच आठवड्यात जवळच्या खेड्यातली एक बाई आली. पस्तिशीची, दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी. एक्स-रे काढला. पुस्तकात छापावी अशी दाढ. मुळाशी बारीक काळी सावली होती, म्हणजे आत पू धरायला लागला होता. तीही मी पाहिली.

"ताई, आजच उपटा की. लय ठणकायलीय. दोन हप्त्यांनी टोळी जायलीय आमची."

मी तिला भाचीच्या परीक्षेचं सांगितलं. बारा दिवसांनी माझ्याच गाडीतून नेईन, फुकट काढून देऊ, टोळी निघायच्या आत मोकळी होशील. तोवर गोळ्या घे, दुसरीकडं काढू नकोस. आणि हेही सांगितलं, की सूज आली तर परीक्षेत चालायचं नाही.

ती हसली. "म्हंजी माझ्या दाढंवर पोरगी डाक्टर हुनार म्हना की! लग्नात मला मानाचं लुगडं पायजे बरं का."

गोळ्या मी पाच दिवसांच्या दिल्या. पाचव्या दिवशी बोलावून बघायला हवं होतं. दिवाळीची गर्दी होती. मी बोलावलं नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सहाला ती नवऱ्याबरोबर दवाखान्याच्या पायरीवर हजर होती. तोंडाला रुमाल बांधलेला. रुमाल सोडला तर हनुवटीखालचा सगळा भाग दोन्हीकडून लाकडासारखा टणक झालेला. तोंड बोटभरही उघडेना, लाळ गिळता येईना, जीभ वर उचललेली.

"फोन का केला नाहीत?" मी ओरडले.

उत्तर नवऱ्याने दिलं. "तुमीच म्हनला होता न्हवं, सूज आली तर चालनार न्हाई. चार दिस झाले, गरम विटकरीनं शेकायलीय. उतरंल म्हनली."

शेकल्याने असली सूज उतरत नाही, पसरते. हे मला पहिल्या वर्षापासून पाठ आहे. तिला सांगायचं सुचलं नव्हतं.

गाडी कॉलेजऐवजी परभणीच्या दवाखान्याकडे घेतली. पोखर्णी मागे पडली तोवर तिच्या श्वासाला शिट्टी लागली होती. भाचीचा फोन वाजत राहिला. शेवटी उचलला.

"आत्या, कुठवर आलात? सर यादी मागायलेत."

"येत नाही. तिला श्वास घेता येत नाहीये."

"आत्या, मग मी पेशंट कुठून आणू?"

मी फोन बंद केला. तिला रागवायचा मला अधिकार नव्हता. असा विचार करायला आम्हीच शिकवतो.

डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून नळी घातली, म्हणून ती वाचली. पू काढायला दोनदा चिरावं लागलं. तीन आठवडे ती तिथेच होती. भाचीला ओपीडीच्या रांगेतून कोणीतरी मिळालं, ती पास झाली. टोळी ठरल्या दिवशी निघून गेली. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, एकट्याला मुकादम नेत नाही. म्हणून आईच्या जागी आठवीतली मुलगी गेली.

संक्रांतीनंतर बाई दवाखान्यात आली. गळ्याला खळगा, आवाज घोगरा. मी तिला सगळं सांगितलं: दाढ त्याच दिवशी निघाली असती, सावली मला दिसली होती, मी भाचीसाठी थांबवलं.

तिने ऐकून घेतलं. पदर गळ्यावर ओढला.

"पास झाली का तुमची?"

"झाली."

"माजी अजून फडातच हाय."

"कधी येईल?"

"कारखाना बंद झाल्यावर," ती उठत म्हणाली. "तवर तिची परीक्षा हून जाती."