एक लाख दहा हजारांची जुनी सायकल

त्या सायकलीचं प्रकरण आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात, आणि राग चोरापेक्षा स्वतःचाच जास्त येतो. तेव्हा मी कोल्हापुरात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. भर दुपारी ठाणे अंमलदार असलेल्या हवालदारासमोर वीस-एकवीस वर्षांची एक मुलगी येऊन बसली. गडहिंग्लजकडची, घरी म्हशींचा गोठा, इथं कॉलेज करून सायकल शर्यतींचा सराव करणारी. राजारामपुरीत क्लासच्या इमारतीखालून तिची इटालियन रेसिंग सायकल चोरीला गेली होती. तीन दिवसांवर राज्य संघाची निवड चाचणी होती आणि वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती.

फिर्यादीत चोरीच्या मालाची किंमत लिहावी लागते. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या कागदावरून डोळेही न उचलता म्हणालो, "वापरलेली आहे ना? लिहा दोन हजार."

मुलीने पेन खाली ठेवलं. "साहेब, पाण्यात म्हैस अन् भाईर मोल, असं करू नका. एक लाख धा हजाराची हाय ती. मी सही करणार न्हाय."

मी बिल मागितलं. तिने ती पुण्याच्या एका खेळाडूकडून रोखीने घेतली होती, बिल नव्हतं. नंतर दुरुस्त करू, असं सांगून मी सही घेतली. ठाण्यात 'नंतर' या शब्दाइतका खोटा शब्द दुसरा नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्याच दिवशी गाड्या रंगवणाऱ्या एका कारागिराने खबर दिली. कुणीतरी निळी परदेशी सायकल तातडीने काळी करून घेतली होती. आमच्या पथकाने सायकल आणि माणूस, दोन्ही आणले. सव्वीस वर्षांचा, एका बड्या व्यावसायिकाचा मुलगा. सायकल माझीच, निळ्याचा कंटाळा आला म्हणून काळी केली, असं तो ठणकावून सांगत होता. बिल त्याच्याकडेही नव्हतं आणि फ्रेमखालचा नंबर घासलेला होता. मुलीकडे फोटो होते, पण निळ्या सायकली पुष्कळ असतात, असं त्याचं म्हणणं.

तासाभरात वरून फोन आला. दोन हजारांच्या सायकलीपायी चांगल्या घरच्या पोराला किती वेळ बसवणार, असा सवाल होता. माझेच दोन हजार माझ्या तोंडावर मारले गेले. तिथे माझं डोकं फिरलं. तपास पूर्ण झाल्याशिवाय सोडणार नाही, असं सांगून मी फोन ठेवला.

सायकलीवर चादर टाकली. एका जुन्या मेकॅनिकला आणि आणखी एकाला पंच म्हणून बोलावलं. मग मुलीला आणि त्या तरुणाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून कागद दिले आणि सायकलीची किंमत कारणांसह लिहायला सांगितली.

त्याने लिहिलं, तीन लाख, एकही दोष नाही. तिने लिहिलं, एक लाख दहा हजार. खाली कारणं होती. पुढचं चाक मूळचं नाही. हँडलच्या डाव्या वळणावर टेपखाली ओरखडा, पन्हाळ्याच्या घाटात पडल्याचा. बाटलीच्या स्टँडच्या खालच्या स्क्रूचे आटे गेलेले. फ्रेमला मात्र तडा नाही, नाण्याने वाजवून बघा, कुठेच बद्द आवाज येणार नाही.

मेकॅनिकने टेप सोडवली. ओरखडा होता. स्क्रू नुसताच गरगर फिरत राहिला. त्याने फ्रेमवर वरपासून खालपर्यंत नाणं वाजवलं आणि म्हणाला, "पोरीचा दर बरोबर हाय, साहेब." तरुणाने पाणी मागितलं, आणि ग्लास संपायच्या आत कबुली दिली. वापरणाऱ्याला वस्तूची खोट पाठ असते. चोराला फक्त बाजारभाव ठाऊक असतो.

चाचणीला दोन दिवस उरले होते. न्यायालयातून मुद्देमाल परत मिळवायचा तर किमतीइतकी हमी लागते. हवालदार म्हणाला, फिर्यादीत दोन हजारच राहू द्या, उद्याच सुटेल. खरं सांगतो, मीही तिला तेच सुचवलं.

"म्हंजे माझ्या सोयीला ती सस्ती झाली व्हय?" ती म्हणाली. "खरी किंमत लिवा. हमीचं आमी बघतो."

मी स्वतः पुरवणी जबाब लिहिला. वडील सातबारा घेऊन गडहिंग्लजहून पहिल्या एसटीने आले. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी तिने ठाण्यातून काळी सायकल नेली, आणि दुसऱ्या दिवशी तिची संघात निवड झाली.

मला वरून लेखी खुलासा मागितला गेला. दोन हजारांचे एक लाख दहा हजार कसे झाले? हितचिंतकांनी सल्ला दिला, कारकुनी चूक म्हणा, हवालदारावर ढकला. पोलिसाच्या नोकरीत माणसांचं मोल आपण असंच वरवर करतो, म्हणून तो सल्ला मला झोंबला. मी दोन ओळी लिहिल्या. 'वस्तू न पाहता आणि मुलीचं न ऐकता किंमत मी सांगितली होती. चूक माझी आहे, आणि नवी किंमत मी बदलणार नाही.'