प्रत्येक बिघाडाला झाडाची फांदी

आमच्या वीज कंपनीत एआय आणायचं ठरलं, तेव्हा तयारीचं बरंचसं काम नाशिकच्या कार्यालयात आमच्या आयटी विभागाकडे आलं. कोणत्या लाइनवर बिघाड होऊ शकतो हे नवी प्रणाली आधीच सांगणार होती. त्यासाठी तिला मागच्या काही वर्षांच्या बिघाडांच्या नोंदी द्यायच्या होत्या, आणि त्या नोंदी नीट करण्याचं काम माझ्याकडे होतं.

मला ते आवडलं, कारण त्यात फारसं बोलावं लागत नव्हतं. मी इंग्रजी शाळेत शिकले. चार लोकांत मराठी बोलताना मी वाक्य आधी मनात लावून बघते, आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो.

नोंदींमध्ये वेळ, ठिकाण आणि कारण असे रकाने होते. विंचूरकडच्या एका लाइनवर जवळजवळ प्रत्येक बिघाडाचं कारण ‘झाडाची फांदी’ असं होतं. मला आधी वाटलं, एकच नोंद पुन्हा पुन्हा आली असेल. पण तारखा वेगळ्या होत्या. त्यातल्या बऱ्याच हिवाळ्यातल्या, आणि वेळ सकाळी सहा-साडेसहाची. नकाशावर उपग्रहाचा फोटो उघडला तर लाइनीखाली द्राक्षबागा, कांदा साठवायच्या चाळी आणि रस्ता. झाडं शोधावी लागत होती. या नोंदींवरून शिकलेल्या प्रणालीनं तिथे फांद्या तोडायला माणसं पाठवली असती.

मी आमच्या विभागप्रमुखांना विचारलं. ते मोकळ्या स्वभावाचे आहेत. म्हणाले, “मला काय विचारतेस? मंगळवारी सामानाची गाडी जातेय तिकडे. बस तिच्यात.”

सबस्टेशनमध्ये तीन माणसं चहा पीत होती. एक निवृत्तीला आलेले ऑपरेटर, डोक्याला मफलर, आणि दोन कंत्राटी वायरमन. मी कशासाठी आले ते सांगितलं.

“म्हंजे ते एआय आता खांबावर चढणार का मॅडम?” उंच वायरमननं विचारलं.

“तूच चढशील रे,” ऑपरेटर म्हणाले. “ते खालून सांगंल, डावा पाय उचल.”

सगळे हसले, मीही हसले. मग मी फांदीबद्दल विचारलं आणि हसणं थांबलं. उंच वायरमन कपात बघत म्हणाला, “झाड नाय मॅडम. पण फांदी पडती.”

ऑपरेटर मला बाहेर खांबाजवळ घेऊन गेले. तारेखालचे चिनी मातीचे इन्सुलेटर त्यांनी दाखवले. द्राक्षाच्या हंगामात ट्रॅक्टरवरून औषधाची फवारणी होते, तिचा थर त्यांच्यावर बसतो. सकाळी दव पडलं की तो थर ओला होतो, वीज त्यावरून उडी मारते आणि लाइन बंद पडते. कधी इन्सुलेटर फुटतोसुद्धा. हे सगळं त्यांनी मला लेकीला स्वयंपाक शिकवावा तसं शांतपणे सांगितलं.

“मग तसं का नाही लिहीत?”

“इन्सुलेटर लिहिला की फोटो पायजे, खांबाचा नंबर पायजे, साहेबाची मंजुरी पायजे. तोवर नोंद बंद होत नाय. नोंद उघडी दिसली की हापिसातून फोनवर फोन. फांदीला कुणी काय विचारीत नाय.”

खरी कारणं त्यांनी स्वतःच्या एका शंभर पानी वहीत लिहून ठेवली होती. तिचे फोटो त्यांनी मला काढू दिले. मी निघताना ते म्हणाले, “ताई, वर सांगाल ते बेतानं सांगा. ही दोघं कंत्राटी हायेत. खोटी नोंद म्हटलं की पहिली हीच घरी जातील.”

“मी कुणाचं नाव सांगणार नाही,” मी म्हटलं.

तीन दिवस मी वही आणि नोंदी ताडून बघत होते. पोल नंबर एकोणसत्तर वहीत अक्षरी लिहिलेला सारखा यायचा, आणि प्रत्येक वेळी मला तो मनात इंग्रजीत करून घ्यावा लागायचा. सोयीसाठी मी एक तक्ता केला. कोणती नोंद कुणी केली, कर्मचारी क्रमांकानुसार. तो फक्त माझ्यासाठी होता. काम संपल्यावर काढून टाकायचा राहिला, आणि विभागप्रमुखांना फाइल पाठवली तेव्हा तो तिच्यातच होता.

दुसऱ्या दिवशी ते खुशीत माझ्या टेबलाशी आले. “वा! कोण चुकीच्या नोंदी करतं ते नंबरासकट काढलंस. उद्या मोठ्या साहेबांपुढे हाच कागद पहिला ठेवू.”

“सर, तो कागद...”

“घाबरू नकोस, बोलायचं मी बघतो.”

मी बोलायला घाबरते हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी ते प्रेमानंच म्हटलं. माझं पुढचं वाक्य तयार होईपर्यंत ते त्यांच्या खोलीत गेले होते. त्या दिवशी मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा आत कुणीतरी होतं, आणि मला त्याचं बरं वाटलं, हे इथे लिहायला हवं.

बैठकीत मोठे साहेब, तालुक्यांचे अभियंते आणि पुण्याहून आलेले एक सल्लागार होते. कागद वाटले गेले. मोठ्या साहेबांचं बोट यादीवरून फिरत खाली येऊन थांबलं.

“हे दोन नंबर सगळ्यात जास्त आहेत. कंत्राटी दिसतात. ठेकेदाराला पत्र काढा, बदलून टाका म्हणावं.”

मी उभी राहिले. चार वाक्यं पाठ करून आले होते, त्यातलं एकही आठवेना. हातात मोबाइल होता आणि त्यात नोंदींच्या ॲपची सरावाची आवृत्ती. मी तो त्यांच्यापुढे धरला.

“सर, एक नोंद करून बघाल का? एकोणसत्तर नंबरच्या खांबावर इन्सुलेटर फुटलाय.”

“मी करू?”

“हो सर.”

त्यांनी चष्मा वर केला आणि मोबाइल घेतला. ॲपनं फोटो मागितला, त्यांनी समोरच्या पाण्याच्या बाटलीचा काढला. खांबाचा नंबर टाकला, तो यादीत सापडेना. दुसरा टाकला. मग पडद्यावर आलं, ‘मंजुरी प्रलंबित’.

“आता?”

“आता थांबायचं, सर.”

मागून नांदगावचे अभियंते म्हणाले, “आणि आता मी तुम्हाला फोन करणार. काय राव, लाइट आली तरी नोंद उघडी का?”

“तुम्ही गप्प बसा,” साहेब म्हणाले. पण ते ॲपमध्ये मागे गेले, कारणांची यादी खाली-वर केली, काहीतरी दाबलं आणि मोबाइल टेबलावर ठेवला.

“झाली बंद.”

विभागप्रमुखांनी वाकून पडदा पाहिला. “सर, फांदी पडली.”

आधी नांदगावचे हसले, मग स्वतः साहेब. मी अजून उभीच होते. “सर, तो तक्ता माझी चूक आहे,” मी म्हटलं. “तो दाखवण्यासाठी नव्हता. त्या माणसांनी मला विश्वासानं सांगितलं होतं.” यातलं एकही वाक्य पाठ केलेलं नव्हतं.

साहेबांनी आपला कागद उलटा करून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “कागद परत घ्या.” ते मी स्वतः गोळा करून फाडले. पुढे ठरलं ते असं. जुन्या नोंदींत फांदीच्या जागी ‘कारण माहीत नाही’ असं लिहायचं. नोंद आधी बंद होईल, फोटो आणि मंजुरी नंतर. आणि एक हिवाळा खऱ्या नोंदी जमल्याशिवाय प्रणालीला काही शिकवायचं नाही. सल्लागार म्हणाले, यानं उशीर होईल. साहेब म्हणाले, होऊ दे.

मी ऑपरेटरना फोन करून यादीचं सगळं सांगितलं. लपवलं असतं तरी चाललं असतं.

“त्यात नावं नव्हती ना?”

“नंबर होते.”

“नंबर म्हंजे नावच की ओ, ताई.” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

ॲप बदललं. पहिले काही आठवडे त्या लाइनवर फांद्याच पडत राहिल्या. मी त्या तिघांना काही कळवलं नाही. काय कळवणार होते?

मग डिसेंबरात एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. उंच वायरमन होता. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

“मॅडम, इन्सुलेटर उडालाय. बदलला आत्ताच. खरं लिहू का?”

“लिहा.”

“नक्की? मागून काही येणार नाय ना?”

“यादी फाडली आहे.”

“ते ऑपरेटरकाकांनी सांगितलं. पण तुम्ही हाय ना तिथं?”

माझंही कंत्राट मार्चपर्यंतचंच आहे. ते मी त्याला सांगितलं नाही.

“आहे,” मी म्हटलं, आणि नोंदींचं पान उघडून त्याची नोंद दिसेपर्यंत तिथेच बसून राहिले.